पिक्सी (हौशी रेडिओ संच)

हौशी रेडिओ चालक (हॅम) घरी जोडतात तो मोर्स संकेतांचा अतिशय लहान संच. दोन ट्रान्झिस्टर, एक क्रिस्टल, कानात ऐकू येईल इतका आवाज वाढवणारी एलएम३८६ आयसी आणि थोडे रेझिस्टर-कपॅसिटर एवढ्यावर तो चालतो. बहुतेक संच ७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात असतात आणि त्यांची शक्ती वॉटच्या काही दशांशांपुरतीच असते. चिनी किटच्या रूपात तो आज जगभर विकला जातो. पाकिटावर रचनाकाराचे नाव बहुधा नसते.

हे नाव शोधू लागले की गुंता सुरू होतो. पिक्सीचे श्रेय सहसा अमेरिकेतील डेव्ह जोसेफ यांना दिले जाते. त्याआधी १९९२ मध्ये रशियाच्या ओलेग बोरोदिन यांचा ‘मायक्रो-८०’ आला होता, आणि त्याहीआधी स्कॉटलंडच्या जॉर्ज बर्ट यांचा ‘फॉक्स’. या मालिकेतील खरी चतुराई एकच आहे : पाठवताना जो ट्रान्झिस्टर शेवटचा शक्तिवर्धक असतो, तोच ऐकताना मिक्सर होतो. अँटेनावरून आलेला संकेत आणि संचातल्याच ऑसिलेटरचा (ठरावीक वारंवारतेचा संकेत निर्माण करणाऱ्या भागाचा) संकेत त्यात मिसळतात व त्यांच्या वारंवारतेतील फरक थेट ऐकू येतो. वेगळा रिसीव्हर बांधावाच लागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते श्रेय द्यायचेच असेल, तर ते या युक्तीला द्यावे. पुढच्यांनी भाग बदलले, कमी केले, आवाज सुधारला.

अर्थात युक्तीखालचा पायाही उसनाच आहे. क्रिस्टलभोवतीचा ऑसिलेटर कोलपिट्स पद्धतीचा. एडविन कोलपिट्स यांनी तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस विकसित केला, तेव्हा निर्वात नळ्यांचे दिवस होते. क्वार्ट्‌झ क्रिस्टलने वारंवारता स्थिर ठेवण्याचे काम वॉल्टर केडी यांनी १९२१ च्या सुमारास दाखवले. ऑसिलेटर ज्यावर चालतो ती नळीचा संकेत परत तिच्यातच फिरवण्याची, म्हणजे पुनर्भरणाची कल्पना तर थेट न्यायालयात गेली. एडविन आर्मस्ट्राँग आणि ली डी फॉरेस्ट या अमेरिकी रेडिओ संशोधकांमधील पेटंटचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि १९३४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर आर्मस्ट्राँग या कामासाठी मिळालेले आपले पदक रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेला परत करायला गेले. संस्थेने ते घेतले नाही. व्यवसायातल्या लोकांचे मत न्यायालयाहून वेगळे होते, हे त्यावरून कळते.

हौशी मंडळींत असे खटले क्वचितच होतात. आकृती मासिकात छापली जाते, कुणी कपॅसिटरची क्षमता बदलतो, कुणी आपल्या गावात मिळणारा ट्रान्झिस्टर बसवतो, आणि काही वर्षांनी मूळ आकृती व नवी आकृती शेजारी ठेवल्याशिवाय कुणाचे काय ते ओळखता येत नाही.

भारतातील जवळचे उदाहरण म्हणजे हैदराबादचे अशर फरहान यांचा ‘बिटएक्स’, साधारण २००३ मधला. हा मोर्सचा नव्हे, आवाजाचा संच. यातही काटकसर तीच : तेच अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही दिशांना वापरायचे, पाठवतानाही आणि ऐकतानाही. फरहान यांनी रचना सर्वांसाठी खुली ठेवली आणि भाग भारतीय बाजारात मिळतील असे निवडले. कॉइल गुंडाळण्यासाठी त्यांनी नळाचे वॉशर सुचवले होते. ते हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतात.