धुराला वाट, आगीला चौकट

महाबळेश्वरच्या एका जुन्या बंगल्यात डिसेंबरात राहायला गेलो होतो. दिवाणखान्यात इंग्रजांच्या काळातली फायरप्लेस होती. हौसेनं लाकडं रचली, काडी ओढली आणि पाच मिनिटांत सगळेजण डोळे चोळत व्हरांड्यात. राखण करणारे काका धावत आले. "साहेब, चिमणी गार आहे. आधी कागद पेटवून वर धरा, ती तापू द्या. मग लाकडं." त्यांनी वर्तमानपत्राची सुरळी पेटवली, हात आत घालून वरच्या भोकापाशी धरली. थोड्या वेळानं धुरानं मान वळवली आणि तो मुकाट वर निघाला.

काकांनी जे केलं त्यात फायरप्लेसचं सगळं शास्त्र आलं. गरम हवा हलकी, गार हवा जड. बाहेर 10 अंश सेल्सिअस आणि 8 मीटर उंच धुराड्यात 150 अंश असतील, तर दोन्हींच्या वजनातल्या फरकामुळे धूर वर ओढला जातो. ही ओढ किती? हिशेब केला तर साधारण 32 पास्कल, म्हणजे जेमतेम सव्वातीन मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराचा दाब. एवढ्याशा जोरावर सगळा धूर घराबाहेर काढायचा. धुराडं गार असेल तर तोही नाही. आतली थंड हवा बुचासारखी बसून राहते.

आधी धुराडं नव्हतंच. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात पेन्सहर्स्ट प्लेस नावाचा वाडा आहे. त्याच्या 1341 सालच्या दालनात जमिनीच्या मधोमध अष्टकोनी अग्निकुंड अजून शाबूत आहे. धूर वर जाऊन छपरातल्या झरोक्यातून निघेल तेव्हा निघेल. सोळाव्या शतकात घरोघर विटांची धुराडी उभी राहिली, तेव्हा विल्यम हॅरिसन नावाच्या पाद्र्यानं कुरकुर लिहून ठेवली आहे: पूर्वी धुरानं घराची लाकडं टणक व्हायची आणि माणसांना पडसं होत नसे; आता धुराडी भरपूर, तरी नाजूक मंडळी सर्दीनं बेजार. लाकडाबद्दल तो अगदीच चुकीचा नव्हता. कोकणात चुलीवरच्या माळ्याला बियाण्याची कणसं टांगतात ती कीड लागू नये म्हणूनच.

आग भिंतीकडे सरकली तेव्हा तिच्यावर धूर गोळा करणारा दगडी किंवा लाकडी झगा बसवला. 'मँटल' हा शब्द तिथला. अंगरख्यासाठीच्या 'मँटल'चाच तो भाऊ. पुढे आग भिंतीच्या पोटात गेली आणि झग्याचं काम संपलं. उरली ती वरची फळी. तिच्यावर घड्याळ, चिनी मातीच्या बरण्या, मेणबत्त्या आल्या आणि ती दिवाणखान्याची मानाची जागा झाली.

मला सगळ्यात आवडतो तो आगीमागचा लोखंडी पत्रा, फायरबॅक. मागच्या विटा आचेनं फुटू नयेत म्हणून बसवलेला हा बिडाचा जाड तक्ता. तो तापतो आणि आग मंदावल्यावरही खोलीकडे उष्णता फेकत राहतो. इंग्लंडच्या ससेक्स भागात लोखंडाच्या भट्ट्या होत्या, तिथे हे तक्ते ओतले जात. पद्धत साधी: जमिनीवर ओली वाळू सपाट करायची, कोरलेली लाकडी फळी तिच्यात दाबायची, ठसा उमटला की वितळलेलं बीड ओतायचं. सुरुवातीच्या तक्त्यांवर तर दोरीचे तुकडे, नाहीतर हाताशी असेल ती वस्तू दाबून नक्षी काढलेली दिसते. ब्रीडच्या भट्टीवरच्या रिचर्ड लेनर्ड या ओतकाऱ्यानं 1636 साली स्वतःचंच चित्र ओतलं. तो उभा आहे, भोवती भट्टी आणि अवजारं, सोबत कुत्रा, आणि कडेनं स्वतःचं नाव-गाव. राजेरजवाड्यांची चिन्हं ओतून कंटाळला असेल, असं आपलं मला वाटतं. एवढी कलाकुसर करायची आणि ती जाळाआड काळी होण्यासाठी द्यायची!

लाकडं जमिनीवर सपाट ठेवली तर खालून हवा मिळत नाही, धुमसतात. म्हणून त्यांना उचलून धरणारे दोन लोखंडी टेकू आले. इंग्रजीत त्यांना 'फायरडॉग', म्हणजे आगीचे कुत्रे, म्हणतात. फ्रेंचांचा 'शने' हा शब्दही कुत्र्यावरूनच आला. चार पायांवर बसलेलं, पाठीवर लाकडं घेतलेलं जनावर पाहिलं की नाव का पडलं ते कळतं. मागचा दांडा साधाच असतो. पुढचा खांब मात्र पितळेचा, लखलखीत, कारण पाहुण्यांना दिसतो तो पुढचा.

मग कोळसा आला. कोळशाला लाकडाइतकी ऐसपैस जागा नको, पण खालून हवा हवीच. त्यामुळे आगीचं तोंड लहान झालं आणि टेकूंच्या जागी सळ्यांची उभी टोपली, म्हणजे जाळी, आली. निखारे गालिच्यावर घरंगळू नयेत म्हणून पुढे बुटका धातूचा कठडा आणि त्याखाली दगडी लादी. ही लादी चुकवून लाकडी फरशीवर ठिणगी पडली, की घराचं काय होतं ते 1666 सालच्या मोठ्या आगीत होरपळलेल्या लंडनकरांना सांगायला नको.

तरीही खोली गरम होत नव्हती. आगीसमोर बसलं की तोंड भाजायचं आणि पाठ गारठायची, कारण उघड्या आगीची जी ऊब खोलीपर्यंत पोचते ती बहुतांशी किरणांनी. दुसरीकडे, आग खोलीतलीच हवा ओढून वर फेकते आणि दाराच्या फटीतून नवी थंड हवा आत येते. जळणातली साधारण दहा-पंधरा टक्के उष्णता खोलीला मिळाली तर नशीब. आपल्या चुलीला निदान वैल तरी असतो, उरलेल्या आचेवर दूध तापतं. उंच पाठीच्या, कानाशी पंख असलेल्या इंग्रजी खुर्च्या या पाठीमागच्या झुळकीपासून वाचण्यासाठीच.

यावर उतारा शोधला काउंट रमफर्डनं. मूळचा बेंजामिन थॉम्सन, 1753 साली अमेरिकेत जन्मलेला, स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूनं लढलेला, पुढे बव्हेरियात मंत्री झालेला. तोफा कोरताना उष्णता किती निघते हे मोजून उष्णतेविषयीच्या कल्पना हादरवणारा हाच. 1796 साली त्यानं फायरप्लेसवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं: आगीचा चौकोनी कोनाडा उथळ करा. मागची भिंत पुढच्या तोंडाच्या एक-तृतीयांश ठेवा आणि बाजूच्या भिंती काटकोनात न उभारता 135 अंशांनी बाहेर उघडा, म्हणजे त्या किरणं खोलीत परत फेकतील. त्यांना चुना द्या. आणि धुराड्याचा गळा, जिथून धूर वर जातो तिथे, 4 इंचांवर आणा.

गळा अरुंद झाला की खोलीतली ऊबदार हवा फुकट वर जात नाही आणि धूर जोरानं ओढला जातो. पण एक पेच होता. त्या काळी धुराडी साफ करायला लहान पोरांना आत चढवत. चार इंचांतून पोरगा जाणार कसा? रमफर्डनं त्या जागी सुटा दगड ठेवायला सांगितलं: साफसफाईला काढा, नंतर परत बसवा. पोरांचं चढणं थांबायला मात्र 1875 सालचा कायदा यावा लागला.

नक्षीचा इतिहास आगीपासून दूर दूर जात राहिला. अठराव्या शतकात रॉबर्ट ॲडम या वास्तुकारानं बांधलेल्या घरांत पांढऱ्या संगमरवराची चौकट, मध्यभागी कोरीव पाटी. ज्यांना संगमरवर परवडत नसे ते चुना-खडी, सरस आणि जवसाचं तेल मिसळलेलं पीठ साच्यात दाबून फुलं काढत आणि लाकडावर चिकटवून रंग देत. व्हिक्टोरियन काळात तर शाळेच्या पाटीच्या दगडावर, म्हणजे स्लेटवर, संगमरवराची रेघोटी रंगवायचे. हाताला गार लागतं, डोळ्याला खरं वाटतं.

1952 सालच्या डिसेंबरात लंडनवर धुरकं बसलं आणि हजारो माणसं दगावली. त्यानंतर 1956 साली धुराविरुद्ध कायदा झाला. हळूहळू कोपऱ्यात गॅसचे, विजेचे हीटर आले. बऱ्याच घरांत आता धुराड्याच्या गळ्यात एक प्लास्टिकचा फुगा फुगवून ठेवतात, उबदार हवा जाऊ नये म्हणून. खाली चौकट तशीच, वरच्या फळीवर नातवंडांचे फोटो.