सिगारच्या बंद डब्यात ओलावा कोण राखतं?

सिगार टिकवायची तर डब्यात ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता हवी. याहून कोरड्या हवेत पान ठिसूळ होऊन तडकतं. ८० टक्क्यांच्या आसपास ते सादळतं आणि बुरशी धरते.

आता हिशेब करू. २५ अंश सेल्सिअसला ५ लिटरच्या डब्यातल्या ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत पाणी असतं जेमतेम ०.०८ ग्रॅम, म्हणजे दोन थेंबांहूनही कमी! त्याच डब्यातल्या दहा-दहा ग्रॅमच्या वीस सिगारींमध्ये मात्र ते वीस-पंचवीस ग्रॅम मुरलेलं असतं, हवेतल्यापेक्षा शेकडो पट. तंबाखू हवेशी सतत ओलाव्याची देवघेव करतो. त्यामुळे झाकण क्षणभर उघडलं तरी बिघडत नाही. भरलेला डबा काही वेळात पूर्ववत होतो. रिकामा डबा सांभाळणंच अवघड. ह्युमिडॉरला, म्हणजे सिगारच्या खास डब्याला, आतून लावलेलं स्पॅनिश सीडरचं लाकूडही असंच ओलावा शोषतं आणि सोडतं.

पण फटींतून ओलावा हळूहळू निसटतोच. भरपाईसाठी नुसता ओला स्पंज ठेवणं मला चुकीचं वाटतं. पाण्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. ते हवेला १०० टक्क्यांकडे ओढत राहतं. मिठाला ते कळतं, आणि त्यामागचं रसायनशास्त्र फार देखणं आहे. मिठाच्या संपृक्त द्रावणात तळाशी न विरघळलेले खडे असले, की त्यावरची बंदिस्त हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. बाहेरून ओलावा आला, तर द्रावण तो शोषतं आणि थोडं मीठ आणखी विरघळतं. हवा कोरडी पडली, तर पाणी उडतं आणि तेवढ्या मिठाचे स्फटिक बनतात. दोन्ही वेळा द्रावणाची तीव्रता तीच, म्हणून बाष्पदाबही तोच. १० ते ३० अंशांत हा आकडा जवळपास हलत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, ते हवा हीच मर्यादा ओलांडते म्हणून. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडची भेसळ असेल, तर त्याच्याही आधी.

सिगारसाठी ७५ जरा जास्त. म्हणून बाजारातल्या 'बोवेडा'सारख्या पुड्यांत वेगळ्या क्षारांची द्रावणं असतात. त्यांच्या आवरणातून वाफ जाते, पाणी नाही.

आर्द्रतामापक तपासायलाही मीठच कामी येतं. बाटलीच्या बुचात ओलसर मीठ आणि शेजारी मापक, दोन्ही हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. ७१ दिसले, तर यापुढे त्याच्या आकड्यात ४ मिळवून वाचा.