थिएटर आणि स्टुडिओ: कोरोनाची झळ एकसारखी नव्हती

कोरोनाचा विषय निघाला की आजही ‘सिनेमावाल्यांचं दिवाळं निघालं’ असं सरसकट म्हटलं जातं आणि दादरचं प्लाझा व अंधेरीचं यशराज एकाच पोत्यात भरलं जातं. सिनेमा दाखवणारा वेगळा, काढणारा वेगळा. दोघांच्या तिजोऱ्या वेगळ्या, साथीत दोघांवर ओढवलेलं संकटही वेगळं. (इथे स्टुडिओ म्हणजे निर्मिती कंपनी, चित्रनगरीतले फ्लोअर नव्हेत.)

थिएटरचा धंदा सगळ्यांना ठाऊक आहे: तिकीट, पॉपकॉर्न, जाहिराती. तिकिटातून जीएसटी वजा जाता जे उरतं ते वितरकाशी वाटून घ्यावं लागतं. पॉपकॉर्नमध्ये वितरकाचा वाटा नसतो. 5 नोव्हेंबर 2020 ला महाराष्ट्रात थिएटरं निम्म्या क्षमतेने उघडली, तेव्हा आत खाद्यपदार्थ न्यायला बंदी होती. जे उत्पन्न वाटावं लागत नाही, नेमकं तेच बुडालं.

खरी गल्लत पुढे आहे. स्टुडिओचा माल टिकतो, थिएटरचा टिकत नाही. ‘सूर्यवंशी’ 24 मार्च 2020 ला यायचा होता, आला 5 नोव्हेंबर 2021 ला. मधल्या काळात पैसा अडकून पडला, पण सिनेमा होता तसाच राहिला. ‘गुलाबो सिताबो’च्या निर्मात्यांनी वाट पाहिली नाही, तो 12 जून 2020 ला थेट अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला. थांबायचं की विकून मोकळं व्हायचं, हे निर्मात्याच्या हातात होतं. थिएटर विकतं ती खुर्ची, तीही एका खेळापुरती. शनिवारी संध्याकाळी रिकामी राहिलेली खुर्ची रविवारी दोनदा विकता येत नाही.

म्हणूनच ‘एरवी तरी हाऊसफुल्ल कुठे असतं, मग 50 टक्क्यांच्या अटीने काय बिघडलं?’ हा प्रश्न ऐकला की राग येतो. हिशेब करून बघा. समजा 300 खुर्च्या, रोज चार खेळ. सोमवार ते गुरुवार दर खेळाला 60 माणसं, शुक्रवार ते रविवार 210. आठवड्याची तिकिटं झाली 960 अधिक 2520, म्हणजे 3480. एकूण 8400 खुर्च्यांच्या जेमतेम 41 टक्के. आता दर खेळाला 150 ची मर्यादा लावा. मधल्या वारांना काहीच फरक नाही, पण शुक्रवार ते रविवार 2520 ची 1800 होतात. 720 तिकिटं गेली, म्हणजे दर पाचातलं एक. सरासरी पन्नासच्या आत असूनही! वीजबिलातला स्थिर आकार, मालमत्ता कर आणि पगार मात्र पाचव्या हिश्श्याने कमी होत नाहीत.

बंद थिएटरला नुसतं कुलूप लावूनही भागत नाही. डिजिटल प्रोजेक्टरमध्ये मीडिया ब्लॉक, म्हणजे कुलूपबंद सिनेमा फाईल उलगडून पडद्यावर पाठवणारं कार्ड असतं, आणि बऱ्याच मीडिया ब्लॉकमध्ये एक बॅटरी असते. ती पूर्ण उतरली की सिनेमाची किल्ली (फाईल उघडणारा डिजिटल कोड) ओळखणारं प्रमाणपत्र पुसलं जातं आणि कार्ड थेट कंपनीकडे पाठवावं लागतं. त्यामुळे एकही प्रेक्षक नसताना यंत्र अधूनमधून चालू ठेवावं लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात एसी महिनोन्‌महिने बंद राहिला तर खुर्च्यांना बुरशी धरते, वायरी उंदीर कुरतडतात. हार्ड डिस्कवर पडून असलेल्या सिनेमाला यातलं काही होत नाही.

पुढचा प्रश्न ओटीटीचा, आणि तिथेही दोघांचं हित उलटं आहे. निर्माते-वितरकांनी 2009 मध्ये मल्टिप्लेक्सविरुद्ध केलेल्या संपानंतर तिकिटाच्या वाटपाचं जे सूत्र ठरलं, त्यात वितरकाला पहिल्या आठवड्यात साधारण 50 टक्के, मग 42.5, मग 37.5 आणि त्यानंतर 30. म्हणजे थिएटरचा वाटा दर आठवड्याला वाढत 70 पर्यंत जातो. साथीत हिंदी सिनेमे आठऐवजी चार आठवड्यांनी ओटीटीवर येऊ लागले. ‘महिन्याभरात घरीच बघू’ म्हणणारा प्रेक्षक हमखास तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला, म्हणजे ज्याच्या तिकिटातले सर्वाधिक पैसे थिएटरला मिळाले असते तो. स्टुडिओला लवकरच्या ओटीटीचा भाव चढा मिळतो, त्यामुळे तो ही मुदत स्वतःहून वाढवणार नाही. ऑगस्ट 2022 पासून आठ आठवडे पुन्हा लागू झाले, ते मल्टिप्लेक्सवाल्यांनी लावून धरलं म्हणून. पुन्हा साथ आली तर थिएटरवाल्यांनी सगळ्यात आधी हीच मुदत राखावी. आरामखुर्च्या आणि भव्य पडद्यांवरचा खर्च नंतर.