व्यक्तिकेंद्रित मानसोपचार : पहिल्या भेटीपूर्वी वाचण्यासाठी

फोंड्यातील आमच्या केंद्रात पहिल्यांदा येणाऱ्या अनेकांची एकच अपेक्षा असते : "मी आता काय करू, ते तुम्हीच सांगा." देवापुढे गाऱ्हाणे घालून कौल लावावा आणि मनातली घालमेल थांबावी, ही गोव्यातली जुनी रीत असून तिने कित्येकांना धीर दिला आहे. मानसोपचाराच्या खोलीत मात्र असा कौल मिळत नाही. तो का मिळत नाही आणि तेथे प्रत्यक्षात काय घडते, हे आधीच ठाऊक असावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

आमची पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांच्या मांडणीवर आधारलेली आहे. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी मदतीसाठी येणाऱ्याला 'रुग्ण' न म्हणता 'क्लायंट' म्हटले. मराठीत या शब्दाने आमची पंचाईत केली आहे : 'अशील' वकिलाकडे जातो, 'ग्राहक' दुकानात, आणि पाठ्यपुस्तकातला 'सल्लार्थी' सल्ला मागतो, जो आम्ही सहसा देत नाही. म्हणून या पत्रकात आम्ही सरळ 'आपण' असेच लिहिले आहे.

उपचारातून बदल घडण्यासाठी कोणत्या गोष्टी आवश्यक असतात, याविषयी रॉजर्स यांनी १९५७ साली एक निबंध लिहिला. त्यातील तीन गोष्टी थेट उपचारकाच्या वागण्याशी निगडित आहेत : समानुभूती (म्हणजे समोरच्याचे मन त्याच्या जागी उभे राहून समजून घेणे), विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा. पहिली ऐकायला सोपी वाटते, पण साधायला सर्वांत कठीण आहे. समजा, बोटीवरच्या नोकरीतून सुटीवर आलेला एखादा तरुण म्हणाला की घरी चार दिवस होताच त्याचा जीव रमेनासा होतो. "होईल सगळे ठीक" असे म्हणून त्याची समजूत घालणे आम्ही टाळतो. उपचारक विचारील, "घरात परके वाटते, असे म्हणायचे आहे का?" त्यावर तो थोडा थांबून म्हणेल, "परके नाही. माझ्यावाचून कुणाचे काही अडत नाही, असे वाटते." उपचारकाचा अंदाज येथे चुकला, पण तो दुरुस्त करताना त्या तरुणाला स्वतःचा नेमका शब्द सापडला, आणि आमच्या कामाचा मोठा भाग अशा दुरुस्त्यांनीच पुढे सरकतो.

विनाअट स्वीकार म्हणजे प्रत्येक कृतीला मान्यता नव्हे. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून भावाशी धरलेला अबोला योग्य की अयोग्य, याचा निवाडा आम्ही करीत नाही; त्यामागचा राग, दुखावलेपण आणि कदाचित लाजही बोलून दाखवता येईल इतकी निर्धास्त जागा देतो. लहानपणापासून "शहाणी मुले रडत नाहीत", "लोक काय म्हणतील" असे ऐकत वाढलेला माणूस पुढे स्वतःला दुसऱ्यांच्या मापाने मोजू लागतो. रॉजर्स यांच्या मते ही मापे सैल झाली की वाढण्याची उपजत प्रेरणा आपली वाट शोधू लागते. सच्चेपणाविषयी एवढेच सांगतो की उपचारकाला एखादी गोष्ट कळली नाही, तर कळल्याचा आव तो आणीत नाही.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ कांदोळीत जन्मलेले संमोहनाचे अभ्यासक आबे फारिया यांचा पुतळा आहे. त्यातील पसरलेले हात आणि समोर कोसळलेली स्त्री पाहून उपचार म्हणजे दुसऱ्यावर चालवलेली शक्ती, असा समज होणे स्वाभाविक आहे. गंमत अशी की संमोहनाचे कारण संमोहन करणाऱ्याच्या शक्तीत नसून ज्याच्यावर ते होते त्याच्याच मनात असते, असे फारिया स्वतः दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सांगत होते. आम्ही संमोहन करीत नाही, पण त्यांचा हा विचार आम्हांला जवळचा वाटतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. केवळ असे नाते पुरेसे असते, हे रॉजर्स यांचे मत सर्व तज्ज्ञांना मान्य नाही, आणि आम्हीही ते सरसकट धरून चालत नाही. भास होणे, तीव्र नैराश्य किंवा व्यसन सोडताना होणारा शारीरिक त्रास असल्यास मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि गरजेप्रमाणे औषधे आवश्यक असतात. त्यासाठी बांबोळी येथे शासकीय मनोविकार संस्था आहे. आपण तेथे उपचार घेत असलात तरी आमच्याकडे येऊ शकता, मात्र चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. आत्महत्येचे विचार येत असल्यास भेटीच्या दिवसाची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलावे.

प्रत्येक भेट पन्नास मिनिटांची असते. कोकणी, मराठी किंवा दोन्ही मिसळून, जसे सुचेल तसे बोलावे; गप्प बसावेसे वाटले तरी चालेल. गाव लहान असल्याने गुप्ततेची काळजी वाटणे साहजिक आहे. येथील बोलणे बाहेर जात नाही. कुणाच्या जिवाला धोका असल्यास किंवा कायद्याने भाग पाडल्यास तेवढाच अपवाद, आणि तोही शक्यतो आपल्याला आधी सांगून केला जातो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. मोठ्यांच्या बाबतीत चौकशीचा फोन आई, नवरा किंवा मुलगा यांपैकी कुणीही केला तरी वेळ मात्र ज्यांना यायचे आहे त्यांच्याशीच बोलून ठरवली जाते.