सहाणेवरचं जायफळ आणि पाच टक्क्यांची बाटली

बेळगावजवळच्या खानापूरला आमच्या घरी भाचीच्या गालावर मुरुमं उठली की आईच्या हातात सहाण येते. दुधात उगाळलेलं जायफळ, वर चिमूटभर हळद. ‘लाव की गं, काय होत नाही!’ मागच्या खेपेला त्यात लिंबूही पिळलं आणि गाल दोन दिवस भाजल्यासारखा लालबुंद. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल तिखट. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, त्वचेचा ५ च्या. दुसरं काय होणार?

मुरूम म्हणजे मुळात तुंबलेलं छिद्र. वयात येताना तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशींचं बूच तोंडाशी बसतं, आत क्यूटीबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू फोफावतो, मग सूज. हा जिवाणू सगळ्यांच्याच त्वचेवर असतो, म्हणून चेहरा घासघासून धुतल्यानं तो जात नाही. मुरुमांवर लावायचा अर्क कुठलाही असो, यातलं नेमकं काय तो थांबवतो ते विचारायचं.

टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांच्या तेलाला हा प्रश्न नीट विचारला गेला. ऑस्ट्रेलियात १९९० साली १२४ जणांवर ५ टक्के तेलाचं जेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचं नेहमीचं औषध यांची तुलना झाली. मुरुमं दोन्हींनी कमी झाली. तेलाचा गुण उशिरा आला, पण कोरडेपणा आणि जळजळही कमी. यातलं ५ टक्के महत्त्वाचं. तेच तेल पातळ न करता लावलं तर कातडी पोळते, आणि उघडी बाटली महिनोन्‌महिने पडून राहिली तर हवेनं बिघडलेल्या तेलाची ॲलर्जी उठते.

हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्वचेतही फारसं मुरत नाही. मुरतं ते उशीच्या अभ्र्यात. कडुनिंब प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणूंना आवरतो खरा, पण पाट्यावर वाटलेल्या पाल्यात द्रव्य किती, हे झाड, ऋतू आणि वाटणारी, तिघांवर ठरतं. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी संस्था बेळगावातच आहे. पाल्यातलं द्रव्य ओळखणं आणि मोजणं हे असल्या संशोधनातलं निम्मं काम.

भाचीला शेवटी डॉक्टरांनी ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम दिलं. छिद्राचं बूच आणि जिवाणू, दोन्हींवर चालतं, डागही फिके करतं. फक्त काही आठवडे धीर धरावा लागतो. हे आम्ल गहू-बार्लीतही असतं, असं मी आईला सांगून बसलो.

‘मग कणीकच लावली असती की,’ आई म्हणाली. ‘डॉक्टरला पैसे कशाला?’