यकृतात रुजलेली बेटे पाहायची कशी?

सांगलीलगतच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची जुनी रीत आहे. पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर नमुना काढता येतो. पेवातल्या मालाचे काय झाले, हे मात्र तोंड उघडल्याशिवाय कळत नाही. मधुमेही रुग्णाच्या शरीरात स्वादुपिंडाच्या पेशींचे रोपण करणाऱ्या डॉक्टरांची अडचण याच जातीची आहे, आणि त्यांना तर पेव उघडायचीही सोय नाही.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. स्वादुपिंडात या पेशी ज्या पुंजक्यांत असतात, त्यांचे वर्णन पॉल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये केले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. मृत दात्याच्या स्वादुपिंडातून वेगळी केलेली बेटे यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत सोडली, की ती यकृतातील बारीक वाहिन्यांत अडकून तिथेच रुजतात. कॅनडातील एडमंटनच्या डॉक्टरांनी अशा सात रुग्णांची इन्सुलिनची इंजेक्शने थांबल्याचे २००० साली जाहीर केले. बेट सरासरी ०.१५ मिलिमीटरचे असते. लाखो बेटे एकत्र केली तरी चहाचा चमचा भरत नाही. एवढासा ऐवज सुमारे दीड किलोच्या यकृतभर विखुरल्यावर सुईने काढलेल्या तुकड्यात तो सापडेलच, असे नाही. इन्सुलिनसोबतच तयार होणाऱ्या सी-पेप्टाइड या रेणूच्या रक्तातील प्रमाणावरून एकूण इन्सुलिनचा अंदाज येतो खरा, पण ते प्रमाण घसरेपर्यंत बरीच बेटे गेलेली असतात.

म्हणून रोपणापूर्वी बेटांना लोह-ऑक्साइडचे सूक्ष्म कण पाजून पाहिले गेले. एमआरआयमध्ये अशी बेटे काळ्या ठिपक्यांसारखी उमटतात. मात्र ठिपका लोहाचा असतो, जिवंतपणाचा नव्हे. पेशी मेली तरी तिचे लोह सफाई करणाऱ्या पेशींच्या पोटात काही काळ राहते, शिवाय यकृतात मुळातही लोह असतेच. फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू लावलेली साखर रोपणापूर्वी बेटांना देऊन पेट स्कॅन (शरीरातील किरणोत्सार टिपणारी तपासणी) केला, तर बेटे कुठे पोहोचली ते दिसते, पण या फ्लोरिनची किरणोत्सारिता ११० मिनिटांत निम्मी होत असल्याने पहिल्या काही तासांपुरतेच.

मला अधिक आशा वाटते ती एक्झेंडिनची. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेला हा रेणू बीटा पेशींवरील एका ग्राहीला (ठरावीक रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला) नेमका चिकटतो. त्याला किरणोत्सारी अणू जोडून तो रोपणानंतर केव्हाही, पुन्हा पुन्हा टोचता येतो. अडचण मूत्रपिंडांची आहे: तिथे हा रेणू इतका साठतो, की उजव्या मूत्रपिंडाच्या झगमगाटात शेजारच्या यकृताच्या कडेची बेटे झाकोळतात. हाताच्या स्नायूत रोवलेली बेटे याच पद्धतीने सहज दिसली आहेत, कारण आसपास झगमगणारे काही नव्हते.