थीम पार्कच्या रेस्टॉरंटांतले जुने कागद: घेताना आणि जपताना

मेनूकार्ड असो, प्लेसमॅट असो की कागदी नॅपकिन, हातात आलं की आधी तळाची बारीक अक्षरं वाचा. चित्रावर भाळून घाईने पैसे देऊ नका. कागदाचं वय बहुतेक वेळा त्या अक्षरांतच सापडतं.

डिस्नेलँडचंच घ्या. १७ जुलै १९५५ला कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला हे पार्क सुरू झालं, तेव्हा तिथल्या अनेक उपाहारगृहांना खाद्यपदार्थांच्या कंपन्यांचं प्रायोजकत्व होतं. प्रायोजक बदलला की अनेकदा पाटी बदलायची आणि छापील माल बाद व्हायचा. तिथल्या रेड वॅगन इन या उपाहारगृहाच्या जागी १९६५ला प्लाझा इन आलं, म्हणजे जुन्या नावाचं कार्ड त्याआधीचं. कासा दे फ्रिटोस मात्र १९८२पर्यंत टिकलं, तिथे नुसतं नाव पुरत नाही. पत्त्यात झिप कोड, म्हणजे अमेरिकेतला पिन कोड, असेल तर कार्ड १९६३नंतरचं. 'वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स' असं छापलेलं असेल तर सहसा १९८६च्या आधीचं, कारण त्या वर्षी कंपनीचं नाव बदललं.

नकला पुष्कळ फिरतात. दहापट भिंग लावा. जुन्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके ठरावीक नक्षीत बसलेले दिसतात, इंकजेटमध्ये विस्कटलेले. त्याहून सोपी खूण घडीची. खऱ्या घडीवर शाई तडकून आतले पांढरे तंतू वर येतात आणि ते बोटाला लागतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत घडी नुसती रेघ म्हणून छापून येते, कागद तिथे गुळगुळीतच असतो.

आता जपण्याविषयी, आणि इथे आम्ही आग्रही आहोत. लॅमिनेशन करू नका. फाटलं तरी सेलोटेप लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. किमतीवर चिकटवलेली नव्या किमतीची पट्टी सोलू नका, सिरपचा डाग पुसू नका. ते कार्ड टेबलावर वापरलं गेल्याच्या त्या खुणा आहेत. पीव्हीसीच्या पाकिटाऐवजी पॉलिएस्टरचं वापरा, मागे आम्लमुक्त पुठ्ठा ठेवा. प्लेसमॅटचा हलका कागद लवकर तपकिरी होतो, शेजारच्या कागदालाही डागतो, म्हणून तो वेगळा ठेवा. ऊन आणि दमट कपाट दोन्ही टाळा.

लॅमिनेट केलेला कागद आम्ही विकत घेत नाही. बाकी कशाचंही साल ठरत नसेल, तर दोन्ही बाजूंचे आणि तळाच्या ओळीचे फोटो पाठवा. आम्हाला वाटतं ते साल आणि त्यामागचं कारण, दोन्ही लिहून कळवू.